रुंद टायर, कडक स्प्रिंग आणि तळहाताएवढी पकड

इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. मोटारींसाठी येथे सपाट भागात ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. आठवडाभर शहराच्या कोंडीत ताशी तीस-चाळीसच्या वेगाने चालणारी छोटी मोटार शनिवार-रविवारी त्याच टायरवर आणि त्याच स्प्रिंगवर या वेगाने धावू लागते. मग मालकाच्या लक्षात येते, की गाडी वळणावर झुकते, मोठा ट्रक शेजारून गेला की हलते, ब्रेक मारला की नाक खाली घालते. गॅरेजमध्ये यावर उपाय तयार असतात. रुंद टायर, मोठी अलॉय व्हील, गाडी खाली बसवणाऱ्या कडक स्प्रिंग किंवा उलट, गाडी उचलण्यासाठी स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये घालायचे रबरी बफर.

यातील काही उपायांनी गाडी खरोखर सुधारते, तर काहींनी ती फक्त सुधारल्यासारखी वाटते. हा फरक महत्त्वाचा आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला आणि त्यातील सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाशी निगडित होते. ज्या बदलामुळे गाडी आहे त्यापेक्षा सुरक्षित वाटते, तो चालकाला आणखी वेग घ्यायला लावतो.

पोस्टकार्डाएवढी जागा

चालकासह हजार-अकराशे किलो वजनाच्या मोटारीत प्रत्येक चाकावर सुमारे अडीचशे ते पावणेतीनशे किलो भार येतो. टायरमध्ये ३३ पीएसआय हवा असेल, तर हा भार पेलायला प्रत्येक चाकाखाली साधारण ११० ते १२० चौरस सेंटिमीटर रबर रस्त्याला टेकलेले असते. म्हणजे तळहाताएवढी जागा. ब्रेक, वळण, एबीएस, सगळे काही या चार तळहातांवर अवलंबून असते.

रुंद टायर लावला की ही जागा खूप वाढते, असा समज आहे. प्रत्यक्षात भार आणि हवेचा दाब तोच राहिला, तर क्षेत्रफळ जवळपास तेवढेच राहते. बदलतो तो आकार. लांबट पट्टा आखूड आणि रुंद होतो. कोरड्या रस्त्यावर वळताना याचा फायदा होतो, कारण टायर कडेने कमी मुडपतो आणि स्टिअरिंगला लवकर प्रतिसाद देतो.

पावसात मात्र हिशेब उलटा होतो. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी साचले असेल आणि गाडी ताशी १२० किलोमीटरने जात असेल, तर १६५ मिलिमीटर रुंद टायरला दर सेकंदाला सुमारे १६ लिटर पाणी बाजूला सारावे लागते. १९५ मिलिमीटर रुंद टायरला १९ लिटर. हे पाणी खाचांमधून वेळेत निघाले नाही, तर टायर पाण्यावर तरंगू लागतो आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते. त्यामुळे महाराष्ट्रातील चार महिन्यांच्या पावसाळ्यात रुंदीपेक्षा खाचांची खोली महत्त्वाची ठरते. कायद्याने मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. ही शेवटची मर्यादा आहे, त्या आधीच ओल्या रस्त्यावरची पकड बरीच घटलेली असते. २०२३ मध्ये समृद्धीवर टायर तपासून घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवण्याची मोहीम परिवहन विभागाला हाती घ्यावी लागली.

आकड्यांची भाषा

टायरच्या कडेवर १६५/८० आर १४ ८५ टी असे काही छापलेले असते. १६५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ८० म्हणजे कडेची उंची रुंदीच्या ८० टक्के, १४ हा रिमचा इंचातील व्यास. ८५ हा भारांक सांगतो, की टायर ५१५ किलो पेलू शकतो, आणि टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतची क्षमता. नवा टायर निवडताना भारांक आणि वेगाचे अक्षर मूळ टायरपेक्षा खालचे चालत नाही.

या टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर भरतो. १८५/६५ आर १५ चा व्यास ६२१.५ आणि १९५/५५ आर १६ चा ६२१ मिलिमीटर. रिम मोठा झाला, कड बुटकी झाली, पण चाकाची एकूण उंची तीच राहिली. मोठे चाक लावायचे तर असे. त्याऐवजी १९५/६५ आर १५ बसवला, तर व्यास ६३४ मिलिमीटरच्या पुढे जातो आणि स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा दोन-अडीच टक्के कमी दाखवू लागतो. शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या बाजूला घासण्याची शक्यता असते.

बुटक्या कडेचीही किंमत मोजावी लागते. खड्ड्याचा धक्का पचवण्याचे बरेचसे काम कड करते. ती कमी झाली की रिम वाकतो किंवा कडेच्या आतले धागे तुटून तिथे फुगा येतो. फुगा आलेला टायर महामार्गावर नेणे धोक्याचे. खड्ड्यांतून रोज ये-जा करणाऱ्यांना एक इंचापलीकडची वाढ सहसा परवडत नाही.

स्प्रिंग कडक केली की काय होते?

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या मोटारींत पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे टॉर्शन बीम असते. स्प्रिंग गाडीचे वजन पेलते, शॉकअप स्प्रिंगचे उसळणे थांबवतो आणि अँटिरोल बार झुकणे कमी करतो. कडक स्प्रिंगने गाडी वळणावर कमी झुकते, हे खरे. पण वळताना आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर एकूण किती भार सरकणार, हे गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधील रुंदी आणि वळण्याचा वेग यांवर ठरते. स्प्रिंगच्या कडकपणामुळे तो जवळपास बदलत नाही. चालकाला झुकणे जाणवत नाही, म्हणून पकड वाढली असे वाटते. खडबडीत रस्त्यावर तर कडक स्प्रिंगवरचे चाक क्षणभर उचलले जाते आणि त्या क्षणी पकड शून्य असते.

रबरी बफरचे दुखणे याहून वेगळे. ते घातल्याने गतिरोधकाला गाडीचा तळ लागत नाही, पण गुरुत्वमध्य वर जातो आणि स्प्रिंगचे काही वेढे हलायचेच थांबतात. म्हणजे गाडी उंचही होते आणि कडकही.

कडकपणाचा संबंध थेट पाठीशीही आहे. कौटुंबिक मोटारीचे शरीर स्प्रिंगवर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा वर-खाली होते. माणसाला ते फारसे त्रासदायक वाटत नाही. बसलेल्या माणसाचे धड उभ्या दिशेच्या ज्या हादऱ्यांना सर्वाधिक प्रतिसाद देते, ते सेकंदाला ४ ते ८ कंपनांचे असतात. हादऱ्यांचा शरीरावरील परिणाम मोजण्याच्या आयएसओ २६३१ या आंतरराष्ट्रीय मानकातही या पट्ट्याला सर्वाधिक वजन दिलेले आहे. स्प्रिंग जितकी कडक, तितके हे हादरे कमी गाळले जातात आणि थेट कण्यापर्यंत पोहोचतात. रोज दोन तास गाडीत बसणाऱ्याला किंवा मणक्याचा त्रास असलेल्या घरातल्या ज्येष्ठाला याचा हिशेब लवकर कळतो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही असा बदल आडवा येऊ शकतो. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीने जो टायर आणि रिम दिला आहे, तिथपर्यंतच थांबणे म्हणूनच शहाणपणाचे.

आधी काय करावे?

गाडी हलते म्हणून गॅरेजमध्ये आलेल्या अनेक गाड्यांचे खरे दुखणे झिजलेले भाग हे असते. साठ-सत्तर हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे शॉकअप आणि रबरी बुश थकलेले असू शकतात. ते मूळ प्रतीचे नवे बसवले, व्हील अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग केले, तरी गाडी नव्यासारखी वळते. त्यासाठी आरटीओचीही भीती नाही.

त्यानंतर पैसे घालायचे ते टायरच्या दर्जात. एआयएस १४२ या मानकानुसार ओल्या रस्त्यावरची पकड, रोलिंग रेझिस्टन्स आणि आवाज यांच्या मर्यादा आता देशात लागू आहेत. त्याच आकाराचा, पण ओल्या रस्त्यावर चांगली पकड देणारा टायर हा छोट्या मोटारीतला सर्वांत किफायतशीर बदल आहे. दोनच टायर नवे घ्यायचे असतील, तर ते मागच्या चाकांना लावावेत. पुढची चाके घसरली तर चालक वेग कमी करून सावरू शकतो. मागची घसरली तर गाडी गिरकी घेते.

खरेदी करताना कडेवरचे चार आकडी तारखेचे खूणही पाहावी. २३२४ म्हणजे २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. न वापरताही रबर कडक होत जाते.

उरते ती हवा, आणि तिला खर्च जवळपास नाही. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त मुडपतो, त्यातून उष्णता निर्माण होते आणि ताशी १२० किलोमीटरच्या वेगात विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात हीच उष्णता टायर फोडते. गरम टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो म्हणून वाटेत हवा सोडणे ही उलट चूक आहे. दाब थंड टायरचाच तपासायचा, निघण्यापूर्वी, दारातल्या चौकटीवरचा आकडा पाहून. गाडीत पाच जण आणि सामान असेल तर त्याच तक्त्यातला वरचा आकडा घ्यायचा.

वेगाचे गणित मात्र कोणत्याही टायरला बदलता येत नाही. ताशी ८० वरून १२० वर गेले की वेग दीडपट होतो आणि ब्रेक लावल्यावर थांबण्याचे अंतर सव्वादोनपट. चालकाचा पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंतच्या एका सेकंदात गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. चांगले टायर आणि धड शॉकअप यांनी त्या पुढचे काही मीटर वाचतात. ते मीटर वेग वाढवण्यात खर्च न करता शिल्लक ठेवले, तर गॅरेजमध्ये मोजलेले पैसे वसूल झाले.