टँकचा उजेड जरा कमीच बरा!

‘फिश टँक घेतलाय, खरी झाडं लावायचीत. लाइट कुठला घेऊ?’

हा प्रश्न मला लिफ्टमध्ये, कँटीनमध्ये, अगदी पार्किंगमध्ये गाडी काढतानाही विचारला गेलाय. आणि दर वेळी माझं उत्तर ऐकून समोरच्याचा चेहरा पडतो. कारण मी ब्रँड सांगतच नाही. उलट विचारतो, ‘झाडं कुठली लावणार? आणि आठवड्यातून टँकला वेळ किती देणार?’

आता तुम्ही म्हणाल, लाइटचा आणि माझ्या वेळेचा काय संबंध? आहे ना बॉस! टँकमधला लाइट म्हणजे गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर. उजेड वाढवला की झाडांचा वाढीचा वेग वाढतो. मग त्यांना कार्बन डायऑक्साइड जास्त लागतो, खत जास्त लागतं, कात्रीही वरचेवर चालवावी लागते. यातलं काही कमी पडलं की झाडं अडतात आणि फुकटच्या उजेडावर शेवाळ ताव मारतं. काच हिरवी, पानांना काळ्या मिशा! दोन महिन्यांत टँक माळ्यावर आणि मासे दुसऱ्याच कुणाच्या घरी.

आमच्या टीममधल्या एकाची गाडी अगदी याच वाटेवर होती. लाइट दिवसाला बारा तास, फुल पॉवर. मासे परत करायचा वारही ठरला होता. आम्ही नवीन काहीही विकत घेतलं नाही. लाइट सहा तासांवर आणला, निघेल तेवढं शेवाळ हाताने काढलं आणि दर रविवारी निम्मं पाणी बदललं. महिन्याभरात नवी पानं स्वच्छ यायला लागली. मासे अजून तिथेच आहेत.

म्हणूनच सांगतो, आधी झाडं ठरवा, मग लाइट. अनुबियास, जावा फर्न, जावा मॉस, क्रिप्टोकोरिन ही सगळी साधी, सोशिक मंडळी. कमी उजेडात मजेत राहतात. अनुबियास तर हळूहळूच वाढतं. त्याच्यावर भगभगीत लाइट टाकलात तर पानांवर शेवाळाचा थर नक्की. याउलट रोटाला मॅक्रँड्रा. मूळची आपल्याच देशातली, पण नखरे फिल्मस्टारचे! तिचा तो लालभडक रंग हवा तर भरपूर उजेड आणि सोबत कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर हवाच. तळाला हिरव्या गालिच्यासारख्या पसरणाऱ्या नाजूक झाडांचंही तेच.

नेटवर ज्या टँकचे फोटो बघून आपण घायाळ होतो, त्या शैलीचा गुरू म्हणजे जपानचा ताकाशी अमानो (1954–2015). व्यवसायाने फोटोग्राफर. त्याच्या टँकमध्ये लाइट जोरदार असायचा, पण जोडीला कार्बन डायऑक्साइड, खत आणि नेमाने छाटणीही असायची. आपण त्यातला फक्त लाइट उचलतो आणि फसतो.

आता खोका वाचायला शिकू या. वॅट म्हणजे लाइट किती वीज खातो ते. ‘एका गॅलनला इतके वॅट’ हा हिशेब ट्यूबलाइटच्या जमान्यातला. एलईडी तेवढ्याच विजेत बराच जास्त उजेड देतो, त्यामुळे तो हिशेब आता विसरा. लुमेन म्हणजे माणसाच्या डोळ्याला जाणवणारा उजेड. झाडांना उपयोगी पडणारा उजेड म्हणजे 400 ते 700 नॅनोमीटरच्या पट्ट्यातला. त्याला ‘पार’ म्हणतात. पण पार मोजायचं यंत्र महाग, म्हणून घरगुती कामाला लुमेन चालतो. आणि केल्विन म्हणजे उजेडाची छटा. 6500 केल्विनच्या आसपासचा लाइट दिवसाच्या उजेडासारखा दिसतो. पानं हिरवीगार आणि माशांचे रंग खरे दिसतात. जांभळ्या-गुलाबी एलईडीत झाडं वाढतात हो, पण हॉलचा पब होतो!

हौशी मंडळींचा ढोबळ हिशेब असा: सोशिक झाडांना लिटरमागे 10 ते 20 लुमेन, मध्यम झाडांना 20 ते 40. त्याच्या वर जायचं तर सिलिंडर घ्यायची तयारी ठेवा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये काठोकाठ 56 लिटर पाणी मावतं. माती-दगड वजा जाता 50 धरा. म्हणजे 500 ते 1000 लुमेन पुरे. साधारण 10 वॅटचा एलईडी हे काम करतो. रोज आठ तास लावला तरी महिन्याला अडीच युनिटही होत नाहीत. टँक उंच असेल तर मात्र तळापर्यंत पोचणारा उजेड कमी होतो, तेवढं लक्षात ठेवा. शक्यतो डिमरवाला लाइट घ्या, निम्म्यावर सुरुवात करा आणि झाडं रुळली की हळूहळू वाढवा.

आणि आता आपल्यासारख्यांसाठी सगळ्यात कामाची गोष्ट. नव्या टँकला सहा ते आठ तास उजेड पुरतो, आणि ते तास कुठले हे तुम्ही ठरवायचं. सकाळी साडेआठला घर सोडून रात्री आठला परतणाऱ्याने दिवसभर लाइट जाळून उपयोग काय? टायमर लावा: दुपारी चार ते रात्री अकरा. तुम्ही जेवताना टँक रंगात असेल आणि तुम्ही झोपलात की माशांनाही अंधार मिळेल. फिरत्या चकतीचा टायमर लाइट गेले की तिथेच थांबतो आणि वेळ मागे पडते. त्यामुळे आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर बरा. टँक खिडकीच्या थेट उन्हात नको. ते ऊन कुठल्याच टायमरला जुमानत नाही. वायर प्लगपाशी येण्याआधी खाली झोका घेईल अशी सोडा, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता जमिनीवर पडेल.

तेव्हा मंडळी, या वीकेंडला दुकानात जाल तेव्हा सगळ्यात झगमगीत लाइटकडे बघून पाघळू नका. आपला आठवडा कसा जातो ते आठवा आणि त्याला झेपेल तेवढाच उजेड घरी आणा.