यजमानीणबाई, तुम्हीही बसा!

आपल्याकडे बायकांचा कार्यक्रम ठरला की पहिला प्रश्न येतो, 'खायला काय करायचं?' भिशी असो, बचत गटाची वार्षिक बैठक असो, डोहाळजेवण असो, ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती नाहीतर ८ मार्च... पाहुण्या कोण, सतरंज्या कुठून आणायच्या, हे सगळं नंतर. आणि मैत्रिणींनो, या प्रश्नाचं जे उत्तर निघतं ना, त्यावरच ठरतं की त्या दिवशी कार्यक्रमात कोण बसणार आणि स्वयंपाकघरात कोण उभी राहणार!

बटाटेवडे ठरले तर ते गरमच हवेत. म्हणजे दोघी-तिघी कढईपाशी अडकल्या. पोहे ठरले तर ते ऐनवेळी फोडणीला टाकायचे, वर खोबरं-कोथिंबीर पेरायची, थंड झाले की कुणी खात नाही. बाहेर पाहुण्या कायद्याची माहिती सांगत असतात, कुणी आपला व्यवसायाचा अनुभव सांगत असतं, आणि आतल्या बायकांना फक्त टाळ्या ऐकू येतात. जिच्या घरी कार्यक्रम, ती तर शेवटी फोटोपुरती पदर सावरत बाहेर येते. 'छान झाला हं कार्यक्रम' असं सगळ्याजणी तिलाच सांगतात, आणि तिने तो पाहिलेलाच नसतो.

म्हणून आमच्या मंडळात मी एका साध्या पदार्थाचा आग्रह धरते. मोठ्या चौकोनी ट्रेमध्ये भाजलेला, वर हंगामातली फळं लावलेला केक. सकाळी करून ठेवायचा, पूर्ण गार झाला की वड्यांसारखे चौकोन कापायचे, संपलं काम. गरम करायला नको, फोडणी नको, चमचासुद्धा लागत नाही. कागदाच्या रुमालावर एकेक तुकडा ठेवला की झालं.

'केकच हवा तर बेकरीतून आणू की,' असं कुणीतरी म्हणतंच. आणा, माझी हरकत नाही. पण आयसिंगचा केक उन्हाळ्यात तासाभरात घाम धरतो, रिक्षातून आणताना एका बाजूला कलतो. शिवाय त्यावरचं गुलाबाचं फूल कुणाच्या वाट्याला गेलं आणि नुसता पांढरा थर कुणाला आला, यावरून चिमुकल्यांचीच नाही, मोठ्यांचीही तोंडं वाकडी होतात! एक किलोच्या त्या केकच्या किमतीत घरी चोवीस जणींचा ट्रे सहज निघतो.

कृती अवघड नाही. ट्रे ९ बाय १३ इंचांचा आणि २ इंच उंच हवा. मंडळींत शाकाहारी बायका असतातच, म्हणून बिनअंड्याचंच प्रमाण सांगते. मैदा ३७५ ग्रॅम, ताजं घट्ट दही ५०० ग्रॅम, साखर ३०० ग्रॅम, वास नसलेलं तेल २४० मिली, बेकिंग पावडर अडीच छोटे चमचे, खायचा सोडा एक छोटा चमचा, चिमूटभर मीठ, वेलचीपूड. निम्मा मैदा काढून कणीक घातली तरी चालते, मग दोन-तीन मोठे चमचे दूध जास्त लागतं. बेकिंग पावडर मात्र आधी तपासा. आपल्या गावातल्या दुकानात ती कधीची पडून आहे कोण जाणे! चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकायची. फसफसली तर तिच्यात जीव आहे, नुसती तळाशी बसली तर फेकून द्या.

दही आणि साखर एकजीव करायची, साखर विरघळली की तेल आणि वेलची. मैद्यात पावडर, सोडा, मीठ घालून दोनदा चाळायचं आणि ते दह्यात थोडं थोडं मिसळायचं. फार फेटत बसू नका, मैद्याला चिकटपणा येतो आणि केक रबरासारखा होतो. गुठळ्या गेल्या की थांबायचं. ट्रेला तेल लावून तळाशी कागद घालायचा, पीठ ओतायचं, वर फळं मांडायची, दोन चमचे साखर भुरभुरायची आणि लगेच आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं. 'लगेच' म्हणते कारण दह्याची आंबट चव सोड्याला भेटली की बुडबुडे सुटायला लागतात. पीठ तासभर तसंच ठेवलंत तर ते बुडबुडे निघून जातात आणि केक बसतो. मधोमध विणायची सुई खुपसून बघा, कोरडी निघाली की झाला.

खरी गंमत फळांची आहे, आणि चुकतंही तिथेच. फळ रसाळ असेल तर पाणी सुटून खालचा केक गिच्च होतो. सफरचंद सगळ्यात सोपं; तीन सफरचंदांच्या पातळ फोडी, एकीवर एक थोडी चढवून. चिकू घ्यायचा तर जरा घट्टच, पिठूळ पिकलेला नको. घोलवडचा असेल तर काय विचारता! नाशिककडची बिनबियांची द्राक्षं अर्धी कापून, पुसून, कापलेली बाजू वर. स्ट्रॉबेरीचंही तसंच. आंबा जरा कमी पिकलेला घ्या. रसाचा हापूस आत बुडून जातो, तो वाटीतच शोभतो. केळं भाजल्यावर काळपट पडतं, चव मात्र छान लागते, तेव्हा त्याच्या चकत्यांना लिंबू चोळा आणि रंगाकडे दुर्लक्ष करा. अननस कच्चा घालू नका. त्यातल्या पाचक रसाने दही-दूध कडू पडतं. साखरेबरोबर पाच मिनिटं शिजवायचा, निथळायचा, मग घालायचा. डाळिंबाचे दाणे आणि संत्र्याच्या सोललेल्या फोडी मात्र भाजू नयेत, केक गार झाल्यावर वाढताना वर ठेवाव्यात.

फळं बाजारात ज्या दिवसांत स्वस्त, त्या दिवसांतलीच घ्या. जर्मनीत अशा केकला 'ब्लेखकूखेन' म्हणतात, म्हणजे पत्र्याच्या ट्रेमधला केक. तिकडे उन्हाळ्याच्या शेवटी प्लमचा हंगाम आला की घरोघरी ट्रेभर फोडी उभ्या मांडून तो भाजतात, शाळेच्या आणि चर्चच्या कार्यक्रमांना नेतात. तिथेही सजावटीचा केक वेगळा आणि माणसं जमल्यावर कापायचा हा साधा वेगळा.

ओव्हन नाही, ही अडचण खरी. छोट्या ओव्हनमध्ये एवढा ट्रे मावतही नाही, म्हणून आतली रुंदी मोजूनच ट्रे घ्या, नाहीतर दोन लहान डब्यांत करा. पण आठवतं का, दिवाळीच्या आधी रवा, मैदा, तूप, साखर घेऊन आपल्या आया बेकरीत जायच्या आणि नानकटाईचे डबे भरून आणायच्या? कित्येक गावांत अजूनही जातात. त्याच बेकरीवाल्या भाऊंना विचारा. पाव काढून झाल्यावर भट्टी जरा उतरते, ती वेळ आपली. फक्त पीठ घरून कालवून नेऊ नका. दह्याचं पातेलं वेगळं, मैद्याचा डबा वेगळा, आणि मिसळायचं तिथेच भट्टीसमोर. ट्रे चटकन भरायला दोघी गेलात तर बरं.

आता एक जरा नाजूक गोष्ट. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू होतं. बाहेर वाण लुटलं जात असताना आत खाण्याच्या बशा भरत कोण उभं असायचं, आठवून पाहा. बहुतेक घरांत ती त्या घरातली विधवा जाऊ, नणंद नाहीतर मावशी असायची. तिला कुंकू लावायचं नव्हतं, पण तिच्या हातचे पोहे चालत होते! कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव ग्रामसभेत केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. ठराव झाले, चांगलंच झालं. पण आतल्या कामाचं निमित्त शिल्लक आहे तोवर तिला 'तू जरा आत बघ गं' म्हणणं फार सोपं जातं. काम सकाळीच आटोपलेलं असेल तर तिला आत पाठवायला कारणच उरत नाही. ती बाहेर सतरंजीवर, सगळ्यांच्या ओळीत बसते. केकला आपल्याकडे कसला मानपान चिकटलेला नाही, ओटी नाही, पहिला हात कुणाचा हा वाद नाही. चोवीस चौकोन, सगळे सारखे.

काहीजणी म्हणतील, आमच्याकडे तिखट लागतंच. मग बरोबर चिवडा ठेवा, तोही आदल्या दिवशीचा. चहा करून थर्मासमध्ये भरा, गॅसपाशी उभं राहायचं नाही म्हणजे नाही. तारीख मात्र कॅलेंडरमध्ये बघून ठरवा, चतुर्थी निघाली तर निम्मा ट्रे परत घरी येईल! मधुमेहाच्या मैत्रिणींसाठी सफरचंद, पेरूच्या फोडी वेगळ्या ठेवा, 'एका तुकड्याने काय होतंय' असा आग्रह नको. हिवाळ्यात उरलेले तुकडे बंद डब्यात दोन दिवस सहज राहतात, उन्हाळ्यात त्याच दिवशी वाटून टाका.

आणि ट्रे? तो रात्रभर पाण्यात भिजत पडू दे. सकाळी घरातलं कुणीही घासू शकतं, त्याला काही पाककला यावी लागत नाही.