आधी मोजा, मग हातोडा उचला

पांढरकवड्यात जुने घर दुरुस्तीला काढले की ठेकेदार येतो, नजरेने अंदाज बांधतो, रक्कम ठरते आणि काम सुरू होते. आधी इमारत मोजून तिचा नकाशा काढा म्हटले की तीन आक्षेप ठरलेले असतात.

पहिला : भूमी अभिलेखची मोजणी झालेली आहे. ती झाली असेलही. पण त्या मोजणीची ‘क’ प्रत जागेची हद्द सांगते. भिंतीची जाडी, खांबांची जागा, छताचा उतार सांगत नाही.

दुसरा : आता ड्रोन आहे. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजली जात आहेत आणि मालकीहक्कासाठी ते काम मोलाचेच आहे. मात्र ड्रोनला कवेलू दिसतात, त्यांखालची वाकलेली तुळई दिसत नाही.

तिसरा : उगाच खर्च. खरा खर्च न मोजण्यात आहे. ४० बाय २० फुटांच्या घराचे छत ८०० चौरस फूट धरून कवेलू आणले आणि उतार ३० अंशांचा निघाला, तर छत सुमारे ९२४ चौरस फूट भरते, वळचण वेगळीच.

आमच्या भागात तर मोजमापाची गरज अधिकच आहे. कापसाची काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावरच्या भिंती तडकतात. तडा जुना आणि थांबलेला आहे की अजून वाढतो आहे, हे नुसते पाहून कळत नाही. त्याची रुंदी आणि भिंतीचा ओळंबा तारखेसह नोंदवून पावसाळ्यानंतर पुन्हा मोजला, तरच गिलावा पुरेल की पाया धरावा लागेल, हे ठरते. भावांच्या वाटणीतही खोल्यांची खरी मापे समोर असली तर निम्मा वाद तिथेच मिटतो.

१८२८ च्या आगीत शनिवारवाडा जळाला. त्याच्या महालांची रचना आज जोती आणि जुनी वर्णने यांवरून ताडावी लागते. उलट दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या वॉर्साचे जुने शहर पुन्हा उभे राहिले, त्यात वास्तुविद्येच्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांनी मोजून काढलेल्या आणि लपवून वाचवलेल्या नकाशांचा मोठा वाटा होता.

म्हणून घरमालकांना विनंती आहे. छताला हात लावण्याआधी तळाचा नकाशा आणि एक उभा छेद काढून घ्या. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजा, म्हणजे काटकोनातली चूक लपणार नाही. हे कागद मिळकत पत्रिकेसोबत जपून ठेवा. मोजल्याशिवाय पाडू नका, मोजल्याशिवाय बांधूही नका.