पाठ आहे, पण मागता येत नाही

तीन-साडेतीन वर्षांचा मुलगा. मोबाइलवर ऐकून सूरह फातिहा सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हणतो, तीही कारीसाहेबांच्या आवाजातल्या चढउतारांसकट. घरचे खूश, पोरगा हाफिज होणार! पण तहान लागली की तोच मुलगा 'पाणी' म्हणत नाही, आईचा हात धरून तिला माठापाशी ओढत नेतो. नावाने हाक मारली तर वळून पाहत नाही, आणि आतल्या खोलीत वेफर्सचे पाकीट फुटले की धावत येतो. उल्हासनगरच्या कॅम्पांतून, अंबरनाथच्या चाळींतून, बदलापूरच्या नव्या इमारतींतून पालक विचारतात ते बहुधा हेच: "बोलतो तर खरा, मग अडचण काय?"

अडचण ही की पाठ म्हणणे वेगळे आणि बोलणे वेगळे. ऐकलेले जसेच्या तसे परत म्हणणे हे ऑटिझम असलेल्या, म्हणजे स्वमग्न मुलांत बरेचदा दिसते. मुलाचे कान आणि स्मरण उत्तम असते. शब्द दुसऱ्या माणसापर्यंत पोचवायचा असतो, ही गोष्ट त्याला आपोआप उमगत नाही, ती शिकवावी लागते. जगभरात साधारण शंभर-सव्वाशे मुलांमागे एक मूल असे असते, तेव्हा प्रत्येक मोठ्या मोहल्ल्यात अशी दोन-चार घरे असणारच.

दोष कुणाचा, हा प्रश्न लगेच येतो. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन केले, आणि पुढची वीसेक वर्षे तिथेही आईच्या 'थंडपणा'वर खापर फुटत राहिले. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड यांनी हे म्हणणे पुराव्यानिशी खोडून काढले. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वमग्न मुलाचे बापही. आपल्याकडे काही घरांत सुनेला हेच बोल अजून ऐकावे लागतात. लसीचेही तसेच. गोवराच्या लसीमुळे स्वमग्नता येते असे सुचवणारा १९९८ चा लेख 'लॅन्सेट' या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. त्या भीतीपोटी धाकट्या भावंडांची लस चुकवू नये.

राहिली नजर आणि तावीज. दुआ जरूर करावी. मुलाला घेऊन मलंगगड चढणाऱ्या आईबापांना आम्ही हसणार नाही. पण तावीज बांधून दोन वर्षे वाट पाहणे याला तवक्कुल म्हणत नाहीत. आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पहिली सहा वर्षे शिकवण्यासाठी फार मोलाची, आणि वाट पाहण्यात जातात ती नेमकी हीच.

आता पाण्याचेच घेऊ. ग्लास मुलाला दिसेल पण हाताला लागणार नाही असा ठेवा. त्याच्या उंचीला खाली बसा. "काय पाहिजे?" असे विचारू नका, तो तुमचाच प्रश्न परत म्हणेल. त्याने म्हणायला हवे ते तुम्हीच म्हणा, "पाणी." मग मनात पाचपर्यंत मोजा. हे पाच आकडे आईला फार जड जातात, पण धीर धरा. त्याने बोट दाखवले, 'पा' म्हटले, नुसते तुमच्याकडे पाहिले, तरी पाणी लगेच द्या. मागितले की मिळते, हे आधी कळू दे, उच्चार मागाहून सुधारतील. बोलणे येतच नसेल तर ग्लासाचा फोटो झेरॉक्सच्या दुकानात छापून घ्या आणि तो हातात द्यायला शिकवा. चित्र दिल्याने बोलणे मागे पडते ही भीती खोटी आहे.

भाषेचा घोळ आपल्या घरांत जास्त. घरी मराठी, मकतबात उर्दू-अरबी, शाळेत इंग्रजी आणि खाली दुकानात सिंधी-हिंदी. मग कुणीतरी सांगते, फक्त इंग्रजी बोला. दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्न मुलाचे बोलणे मागे पडते, असे आजवरच्या अभ्यासांत आढळलेले नाही. आईला जी भाषा सहज येते तीच घरात असू द्यावी, नाहीतर आजी काय म्हणते तेही पोराला कळायचे नाही.

थेरपीसाठी पुष्कळ आया लोकलने कल्याण-ठाणे गाठतात. गर्दीत कानांवर हात ठेवून रडणारे मूल, आणि भोवतालच्यांच्या नजरा. एवढे करून आठवड्याचे दोनच तास पदरी पडतात. म्हणून त्या तासाला बाहेर बाकावर बसू नका, आत बसू द्या असे सांगा आणि तिथे शिकलेले घरी रोज अर्धा तास करा. शिकवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच नको.

कागदपत्रांचे थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क आहे, साध्या शाळेत किंवा विशेष शाळेत, निवड तुमची. आरटीईच्या पंचवीस टक्के जागांसाठीही ही मुले पात्र आहेत. त्यासाठी दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. यूडीआयडी कार्डाचा अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी सरकारी रुग्णालयात. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे आणि थेरपीचा खर्चही त्यात येतो. मूल अंगणवाडीत असेल तर ताईंना शंका बोलून दाखवा, बालस्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला तिथेच येते.

मशिदीचा विषय मात्र नाजूक. मूल मध्येच ओरडते, सफ सोडून पळते, आणि दोन जुम्म्यांनंतर बाप त्याला आणणेच सोडतो. प्रेषित मुहम्मद (स.) नात उमामाला खांद्यावर घेऊन नमाज पढले आहेत. मूल रडताना ऐकले की आईच्या काळजीने ते नमाज आटोपती घेत. अंध सहाबी इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) यांच्याकडे दुर्लक्ष झाले तेव्हा सूरह अबस उतरली, आणि पुढे ते मुअज्जिन झाले. हे वाझमध्ये आपण ऐकतो, मग त्या बापाकडे वळून का पाहतो?

इमामसाहेबांना आधी भेटून घ्या. सुरुवात गर्दी नसलेल्या असरपासून करा, दाराजवळच्या कोपऱ्यात, जिथून पंखा आणि लाउडस्पीकर दोन्ही लांब असतील. पहिल्या दिवशी नुसते वझूपर्यंत जाऊन परत या. वझूच्या पायऱ्यांचे फोटो घरात नळावर लावून ठेवले, तर ते बहुतेक त्याला मशिदीत जाण्याआधीच पाठ झालेले असतील.