भाडेकरू हाही रहिवासीच

माझ्या भाच्यासाठी स्थळं बघणं सुरू आहे, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. या आठवड्यात एका घरून फोन आला. आधी शिक्षण विचारलं, मग पगार विचारला आणि तिसरा प्रश्न आला, "पुण्यात स्वतःचा फ्लॅट आहे ना?" बहिणीने खरं ते सांगितलं, बाणेरला भाड्याने राहतो. पलीकडून "बरं, कळवतो" एवढंच उत्तर आलं. ते कळवणार नाहीत हे दोन्हीकडे समजलं.

त्या घरावर माझा राग नाही. त्यांनाही चार नातेवाइकांना उत्तर द्यावं लागतं. राग आला तो नंतर बहिणीकडे जे सुरू झालं त्याचा. मेहुणे बिल्डरांची पत्रकं घेऊन बसले, शेजारच्या काकांनी "भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा" असं सांगून टाकलं आणि दोन वर्षांत दोन कंपन्या बदललेला, उद्या कदाचित हैदराबादला जाणारा मुलगा वीस वर्षांच्या कर्जाला मान डोलवू लागला. लग्न जमावं म्हणून!

हिशेब एकदा मांडून टाकते. समजा फ्लॅट ८० लाखांचा आहे आणि बांधकाम चालू आहे. बँक ६४ लाख देईल, १६ लाख आपले. महापालिका हद्दीत पुरुषाच्या नावावर मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणीचे ३० हजार, जीएसटी ५ टक्के म्हणजे ४ लाख. दारात पाऊल ठेवण्याआधी जवळपास २६ लाख गेले. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांचा हप्ता साडेपंचावन्न हजारांच्या आसपास बसतो आणि पहिल्या हप्त्यातले ४५ हजार निव्वळ व्याज असतं. तसाच फ्लॅट पंचवीस-तीस हजारांत भाड्याने मिळत असेल, तर पाण्यात जाणारा पैसा नेमका कुठला, हे काकांनी मला समजावून सांगावं. ज्याला त्याच गावात, त्याच भागात दहा-पंधरा वर्षं काढायची आहेत आणि ज्याच्याकडे ते २६ लाख आईवडिलांची म्हातारपणाची पुंजी न मोडता आहेत, त्याने जरूर घर घ्यावं. भाच्याकडे यातलं काहीच नाही. मुलीच्या आईवडिलांना मी कळकळीने सांगेन, फ्लॅट आहे का हे विचारण्याआधी डोक्यावर कर्ज किती आहे ते विचारा. तुमच्या मुलीला त्या कर्जासोबत राहायचं आहे.

पण हिशेब मांडून हा प्रश्न सुटत नाही, हे मला भाच्याशी बोलताना कळलं. "मावशी, आकडे मलाही कळतात गं," तो म्हणाला, "पण दरवर्षी कुणीतरी 'खाली करा' म्हणणार, हे नको झालंय." त्याच्या आताच्या सोसायटीत घर मिळताना त्याला आडनाव विचारलं, मांसमच्छी खाता का विचारलं, मैत्रिणी येतात का विचारलं. सामान चढवायचे वेगळे पैसे घेतले. गणपतीची वर्गणी घेतली, पण रहिवाशांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो नाही, कारण तो ग्रुप 'मालकांचा' आहे. परवा पाणी बंद राहणार असल्याची सूचना तिथेच आली. हा मुलगा सकाळी दाढी अर्धी करून बाटलीबंद पाण्याचा कॅन आणायला गेला.

हे एका सोसायटीचं नाही. माझ्या ओळखीतल्या एका शिक्षिकेला एकटी राहते म्हणून तीन ठिकाणी नकार मिळाला. एका जोडप्याकडे विवाह नोंदणीचा दाखला मागितला. एका कुटुंबाचा करार जानेवारीत संपला आणि मालकाला भाडं वाढवून दुसरा माणूस मिळाला, म्हणून चौथीतल्या मुलीची शाळा ऐन वर्षात बदलावी लागली. त्या मुलीचं काय चुकलं होतं? घर बदललं की मतदार यादी, गॅस, बँक, सगळीकडचा पत्ता बदलायचा. मतदार यादीत नाव नसलेल्या माणसाच्या गल्लीतल्या खड्ड्याकडे नगरसेवक कशाला बघेल?

मी स्वतः नारायण पेठेतल्या वाड्यात वाढले, बिऱ्हाडकरूंच्या घरात. आमचं भाडं वर्षानुवर्षं तेवढंच होतं, कारण १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आमच्या बाजूने उभा होता. आईला 'घर खाली करा' हे वाक्य कधी ऐकावं लागलं नाही. पण त्या भाड्यात मालकांना छपराची कौलंही बदलता येत नव्हती, हेही मी पाहिलं आहे. माळवदाला टेकू लागले, जिना एका बाजूने खचला, मालकांनी आमच्याशी आणि आम्ही मालकांशी बोलणं सोडलं. त्या कायद्याने भाडेकरूला जपताना घरांना मारलं. मुंबईतल्या पागडीच्या चाळींचंही तेच झालं. मग महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि लोलक दुसऱ्या टोकाला गेला. आज आपण जे 'लिव्ह अँड लायसन्स' करतो, त्यात मुदत संपली की राहणाऱ्याचा हक्क संपतो; त्यानंतर राहिला तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. मालकांची भीती गेली हे चांगलंच झालं. पण भीती गेल्यावर जो मोकळेपणा यायला हवा होता, तो आला नाही. अकरा महिन्यांचा करार मात्र घट्ट चिकटला.

या अकरा महिन्यांचं मला कोडं आहे. इतर राज्यांत नोंदणी टाळायला एक वर्षाच्या आतला करार करतात. आपल्याकडे १९९९ च्या कायद्यातल्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, मग मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. त्याने ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. किती भाडेकरूंना हे माहीत आहे? "नोंदणी कशाला, स्टॅम्प पेपरवर करू" म्हणणारा एजंट भेटला, तर त्याला हे कलम दाखवा. आणि लिव्ह अँड लायसन्सचा करार ६० महिन्यांपर्यंत करता येतो. दरवर्षीची वाढ त्यात आधीच लिहिता येते. घर सारखं रिकामं पडत नाही, दलाली पुन्हा द्यावी लागत नाही, रंग दरवर्षी काढावा लागत नाही. यात मालकाचं नुकसान काय?

सोसायट्यांबद्दलही थोडं स्पष्ट बोलते. सभासदाने घर भाड्याने देताना सोसायटीला आगाऊ कळवायचं असतं, कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची असते. आदर्श उपविधींत परवानगी मागण्याची अट नाही. तरीही 'ना हरकत' देणारे आणि रोखून धरणारे अध्यक्ष गल्लोगल्ली आहेत. भाड्याने दिलेल्या घरासाठी सभासदाकडून घेतलं जाणारं बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, असा राज्य सरकारचा आदेश २००१ पासून आहे. त्याहून जास्त घेतलं जात असेल, तर ती रक्कम अखेर भाड्यातच मिसळते आणि भाडेकरूच भरतो.

भाच्याने फ्लॅट घ्यावा की नाही, हे तो ठरवेल. पण त्याने तो अपमान टाळायला घेऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे. अपमान टाळणं त्याच्या हातात नाही, तुमच्या-माझ्या हातात आहे. ३० सप्टेंबरच्या आत प्रत्येक सोसायटीला वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. यंदा तुमच्या सभेत एक ठराव मांडा: पाणी, लिफ्ट, सुरक्षा यांच्या सूचना भाडेकरूंनाही जातील आणि लग्न, आहार, आडनाव यांवरून कुणाला घर नाकारायला सोसायटी सांगणार नाही. आणि तुमचा फ्लॅट भाड्याने असेल, तर पुढचा करार तीन वर्षांचा करा. तो मे महिन्यात संपेल असा करा.