भिजत घोंगडं

गगनबावड्यात ऑगस्टमध्ये जाऊन ‘काय पाऊस आहे यार’ म्हणणं म्हणजे संध्याकाळी सहाच्या विरार लोकलमध्ये चढून ‘काय गर्दी आहे’ म्हणण्यासारखं. कोल्हापूरपासून जेमतेम ५५ किलोमीटर, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि गावाच्या पुढे कोकणात उतरणाऱ्या दोन वाटा. एक करूळ घाटाने वैभववाडीकडे, दुसरी भुईबावडा घाटाने खारेपाटणच्या बाजूला. ऑगस्ट २०२५ मध्ये आम्ही पाच जण लाँग वीकएंड गाठून तिथे पोहोचलो, तेव्हा गगनगड तर सोडाच, समोरची एसटीसुद्धा धुक्यात हॉर्नवरून ओळखावी लागत होती.

पाच जणांपैकी एकाचा मूड मात्र पावसापेक्षा खराब होता. ऑफिसात आम्ही त्याला ‘शेठ’ म्हणतो. कारण जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्रादाने कोल्हापुरीसारख्या दिसणाऱ्या सँडल्स रॅम्पवर आणल्या, कोल्हापूरचं नाव न घेतल्याबद्दल देशभर बोंब उठली, शेवटी कंपनीला प्रेरणा कुठून घेतली ते मान्य करावं लागलं, आणि या सगळ्या गदारोळात आमच्या शेठला साक्षात्कार झाला: आता जग कोल्हापुरी चप्पल शोधणार! पंधरा दिवसांत त्याने जीएसटी नंबर काढला, कोल्हापूरला सुभाषनगरात जाऊन दीडशे जोड उचलले आणि एका मोठ्या शॉपिंग साइटवर दुकान थाटलं. जग खरंच कोल्हापुरी शोधत होतं. फक्त त्याच पंधरा दिवसांत अजून काही हजार शेठ तिथे पोहोचले होते. पेपरात पहिल्या पानावर आलेली आयडिया ही आयडिया नसते, ती गर्दीला दिलेली दवंडी असते. हे त्याला कळेपर्यंत फ्लॅटच्या हॉलमध्ये खोक्यांची भिंत उभी राहिली होती.

टपरीवर कांदाभजी खाता खाता त्याने हिशेब मांडला. आकडे त्याच्या धंद्याचे आहेत, पण धडा कुणालाही लागू पडेल. जोड ४५० ला घेतलेला, ७९९ ला विकलेला. वर ३४९ सुटले म्हणून खूश होऊ नका. तेव्हाच्या दराने जीएसटी ८६, साइटचं कमिशन आणि इतर फी ११०, कुरिअर ७०, खोकं-टेप १३. हातात राहिले ७०. आता दहातले तीन जोड परत येतात, कारण कोल्हापुरीचं माप आणि आपल्या स्पोर्ट्स शूजचं माप यांचं कधीच जमत नाही. प्रत्येक परतीला जाऊन-येऊन १३० चा खड्डा. त्यातला एक जोड कुणीतरी लग्नात घालून नाचून परत पाठवलेला, म्हणजे ४५० पाण्यात. सात जोडांचे ४९० आले, ८४० गेले. दहा ऑर्डरींमागे ३५० रुपये तोटा. म्हणजे धंदा जितका जोरात, तितका खड्डा खोल. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांवरचा जीएसटी ५ टक्के झाला. त्या दराने हाच हिशेब पुन्हा मांडला तरी चौदा रुपयांचा तोटा उरतोच, मी मांडून पाहिलाय.

तेवढ्यात टपरीसमोरून दोन म्हशी गेल्या आणि त्यांच्या मागून एक मामा. डोक्यावरून घोंगड्याची खोळ, हातात काठी, चाल एकदम निवांत. आमच्या अंगावर प्रत्येकी दोन-तीन हजारांची जॅकेट्स, आणि आतून पाचही जण ओले. मामा टपरीच्या वळचणीला टेकले, खोळ झटकली. आतला सदरा कोरडा.

शेठने विचारलं, “मामा, हे घोंगडं कुठं मिळतं?”

“आता कुठलं मिळतंय! लोक प्लॅस्टिकचा कागद घेत्यात. त्यो वरसाला फाटतोय. ह्ये पंचवीस वरसं झाली, फाटाय तयार न्हाई.”

“विकत घ्यायचं असेल तर?”

मामांनी त्याच्याकडे, मग त्याच्या जॅकेटकडे बघितलं. “तुमास्नी टोचंल ओ.”

सगळे हसले. शेठ हसला नाही. परतीच्या प्रवासात तो गाडीत मागे बसून फोनवर काहीतरी टाइप करत होता. मला वाटलं बॉसला सिक लीव्हचा मेसेज.

तर मंडळी, आजचा विषय हा. ऑनलाइन रिसेलिंग करू पाहणाऱ्या प्रत्येकाला कुणीतरी सांगतंच, ‘अरे, गर्दी नाही असा प्रॉडक्ट शोध.’ सल्ला बरोबर, पण अर्धाच. बाजारात एखादा कोपरा रिकामा असतो, तेव्हा दोनपैकी एक कारण असतं. एक तर तिथे गिऱ्हाईकच नाही, किंवा गिऱ्हाईक आहे पण माल विकणं हा डोक्याला ताप आहे. पहिल्या कोपऱ्यात गेलात तर बुडालात. पैसा दुसऱ्यात आहे, आणि तोही तो ताप तुम्हाला झेपत असेल तरच. नुसता रिकामा कोपरा बघून भाळू नका, तो रिकामा का आहे ते विचारा.

घोंगडीचं काय? शेठने पहिलं काम केलं ते शब्दांचं. आपण म्हणतो घोंगडी. कर्नाटकात तिला म्हणतात कंबळी. तेलंगणात गोंगडी. वस्तू दख्खनच्या मेंढीच्या लोकरीचीच, पण शोधणारा आपापल्या भाषेत शोधतो, आणि इंग्रजी अक्षरांत लिहिताना प्रत्येक जण वेगळं स्पेलिंग करतो. त्याने अशी अकरा स्पेलिंग काढली, सर्चच्या खिडकीत एकेक टाकून बघितलं. काही ठिकाणी खिडकी स्वतःहून शब्द पूर्ण करून देत होती, म्हणजे लोक शोधतायत. पण खाली येणारा माल? अॅक्रिलिकची ब्लँकेट्स, सोफ्यावरची कव्हर्स, एक तर चक्क कुत्र्याचं अंथरूण. मागणी आहे आणि समोर भलतंच ठेवलंय, हे लक्षण चांगलं.

दुसरं काम त्याहून सोपं आणि फुकट. आहेत त्या विक्रेत्यांचे एक स्टारवाले रिव्ह्यू वाचणं. आपण पाच स्टारवाले वाचतो कारण आपल्याला वस्तू घ्यायची असते. विकायची असेल तर एक स्टार हा तुमचा सिलॅबस. तिथे ओरड एकच होती: ‘ही खरी लोकर नाही.’ म्हणजे लोकांना खरी हवी होती. पारायणाला बसायला, ध्यानाला, गादीखाली घालायला, काहींना आजोबांच्या घरी होती म्हणून. परदेशातल्या मराठी घरांत तर या शेवटच्या कारणाला फार मोठी किंमत आहे, आणि ती डॉलरमध्ये आहे.

मग इतके दिवस कुणी विकली का नाही? कारण ताप आहे, बाबांनो! घोंगडी कारखान्यात होत नाही. धनगर मेंढ्या कातरणार, घरातल्या बायका सूत कातणार, सणगर समाजातले कारागीर खड्डामागावर विणणार, मग चिंचोक्याची खळ लावून ती वाळवणार. पावसाळ्यात वाळतही नाही लवकर. कोल्हापूर शहरात आजही सणगर गल्ली आहे, पण गल्लीला नाव राहणं वेगळं आणि माग राहणं वेगळं. शेठ ऑक्टोबरात पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेला गेला, भंडाऱ्याने डोक्यापासून बुटापर्यंत पिवळा होऊन आला, पण चार जणांना विचारत विचारत एका गावातल्या एका घरापर्यंत पोहोचला. तिथे दोन माग होते, एक चालू, एकावर कपडे वाळत घातलेले. विणणारे काका साठीच्या पुढचे. मुलगा एमआयडीसीत.

शेठने नेहमीप्रमाणे भाव पाडायला सुरुवात केली. दहा घेतो, कमी करा. काकांनी शांतपणे सांगितलं, “दहा घेतलीसा म्हणून माझं हात दहापट चालत न्हाईत.” चप्पलच्या धंद्यात हे वाक्य कुणी ऐकवलं असतं तर शेठ पुढच्या दुकानात गेला असता. इथे पुढचं दुकानच नव्हतं. ज्याच्याकडून माल येतो तो एकच असेल आणि त्याला परवडलं नाही, तर तो माग बंद करेल आणि तुमचं दुकानही. तेव्हा ठरलं ते काकांच्या भावाने, अर्धे पैसे आगाऊ.

आता याचा हिशेब. घोंगडी १४०० ला घेतली, २४०० ला विकली. जीएसटी ११४, पेमेंट गेटवेचे ४८, वजनदार माल म्हणून कुरिअर २५०, पॅकिंग ३८. उरले ५५०. मापाची भानगड नाही, त्यामुळे परत येणं कमी. पण महिन्याला जातात सात-आठ. आठ गेल्या तर ४४०० रुपये. म्हणजे ईएमआय नाही सुटत, फार तर पेट्रोल आणि दोन वीकएंड. नोकरीचा राजीनामा ड्राफ्ट करून ठेवला असेल तर तो तसाच ड्राफ्टमध्ये राहू द्या. यात गंमत अशी की काका महिन्याला याहून फार जास्त विणूच शकत नाहीत, आणि म्हणूनच मोठा खेळाडू इथे येत नाही. लाखभर नग लागणाऱ्याला आठ नगांच्या गावात काय काम?

रिटर्न टाळायला शेठने केलेली युक्ती मला सगळ्यात आवडली. इन्स्टाग्रामवरच्या त्याच्या पेजवर प्रत्येक फोटोखाली पहिली ओळ आहे: ‘ही टोचते.’ दुसरी ओळ: ‘नवी असताना मेंढीचा वास येतो, उन्हात टाका.’ तिसरी: ‘पावसाळ्यात कसर लागू शकते, डांबराच्या गोळ्या ठेवा.’ मार्केटिंगवाल्या मैत्रिणीने कपाळावर हात मारला. पण ज्याला टोचून घ्यायचं नाही तो ऑर्डरच करत नाही, आणि २५० चं कुरिअर दोनदा भरण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. एक मोह मात्र त्याने टाळला, तुम्हीही टाळा. ‘संधिवात बरा होतो’, ‘पाठदुखी जाते’ असलं काही लिहू नका. अशा चमत्कारी जाहिरातींसाठी १९५४ पासून एक कायदा आहे, आणि गिऱ्हाईक हल्ली वकीलही असतं.

नकली मालाचं टेन्शन आहेच. पानिपतला जुन्या लोकरी कपड्यांपासून ब्लँकेट्स बनवण्याचा प्रचंड उद्योग आहे, आणि काळ्या रंगाचं कुठलंही ब्लँकेट ‘घोंगडी’ म्हणून खपवता येतं. म्हणून शेठ पार्सलमध्ये काकांच्या कातणीतल्या सुताचा बोटभर तुकडा टाकतो. सोबत चिठ्ठी: जाळून बघा. लोकर जळली तर केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते, अॅक्रिलिक वितळून त्याची टणक गोळी होते. एका ताईंनी हा प्रयोग थेट घोंगडीवरच केला. त्यानंतर चिठ्ठीत ‘तुकडा’ हा शब्द ठळक केला.

हा काही जगावेगळा फंडा नाही. २००४ मध्ये ईबेने आपल्याकडची बाझी डॉट कॉम विकत घेतली, त्याच वर्षी क्रिस अँडरसनने ‘लाँग टेल’चा लेख लिहिला: नेटवर कमी खपणाऱ्या हजारो वस्तूंची बेरीज मिळून मोठा बाजार होतो. झालंही तसंच. फक्त ती बेरीज साइटच्या खिशात जाते, तुमच्या वाट्याला बेरजेतला एकच आकडा येतो. आणि साइट काही कायमची नसते. ईबेचं भारतातलं ते दुकान २०१८ मध्ये बंद झालं. तेव्हा गिऱ्हाइकांचे नंबर आणि पत्ते स्वतःकडे राहतील अशी सोय पहिल्या दिवसापासून बघा. शेठ म्हणूनच इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅपवर विकतो. मोठ्या साइटवर त्याचं अजूनही दुकान आहे, पण तिथे फक्त उरलेल्या चपला आहेत.

त्या चपलांचंही थोडं जमलंय. रिटर्न बघता बघता लक्षात आलं, की बायकांची मोठी मापं आणि पुरुषांची अकराच्या पुढची मापं मागणारे मेसेज सतत येतात आणि ती कुणी ठेवत नाही. आता तो पायाचा कागदावर काढलेला ठसा मागवून तेवढीच करून घेतो. गर्दीच्या रस्त्यावरही एखादं बोळ असतंच. याच जिल्ह्यात आजऱ्याचा घनसाळ तांदूळ आहे, पाटगावचा मध आहे. दोन्हींना गिऱ्हाईक आहे. पण तांदळाला पोरकिडे, मधाची बाटली कुरिअरमध्ये फुटणार, थंडीत मध गोठला की ‘साखर घातलीय’ म्हणून भांडण, शिवाय खाद्यपदार्थ म्हणून एफएसएसएआयची नोंदणी. झेपत असेल तर जरूर बघा. मला झेपणार नाही, मी फक्त कॉलम लिहिते.

आणि हो, नुसतं चाचपून बघायचं असेल तर एक सोय आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला आपल्याच राज्यात साइटवरून माल विकायला जीएसटी नोंदणीची सक्ती उरलेली नाही. आधी नाशिक-नागपूरला विका, बंगळुरूचं नंतर बघू.

परवा शेठला बेळगावहून एका मुलीचा मेसेज आला. तिने ‘कंबळी’ म्हणून शोधलं होतं. तीन हव्यात, लग्नात द्यायच्यात, किती दिवस लागतील? शेठने काकांना फोन लावला. काका म्हणाले, ऊन पडू दे. त्याने मुलीला तसंच्या तसं कळवलं. ती म्हणाली, थांबते.

आमच्या फ्लोअरवरच्या अजून दोघांना आता घोंगड्यांत इंटरेस्ट निर्माण झालाय. कॅन्टीनमध्ये ते शेठला रोज गावाचं नाव विचारतात. शेठ म्हणतो, गगनबावडा. दोघं पुढच्या शनिवारी निघतायत. भजी चांगली मिळतात म्हणा तिथे.