‘डिफॉल्टर’ कोण? रेडिएशनच्या तयारीचा प्रश्न

कॅन्सरच्या उपचारात एक शब्द सर्रास वापरला जातो: डिफॉल्टर. बँकेचं कर्ज बुडवणाऱ्याला जो शब्द, तोच रेडिएशनच्या तारखा चुकवणाऱ्या बाईला. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, किमोही झाली; रेडिएशनला मात्र ती आलीच नाही, किंवा आठ दिवस येऊन बंद झाली, की हा शिक्का बसतो. त्यामागचं स्पष्टीकरणही ठरलेलं असतं. अशिक्षित आहेत, गांभीर्य नाही, घरचे लक्ष देत नाहीत.

आम्ही वस्त्यांमध्ये ज्या बायांसोबत काम करतो त्या कंत्राटी सफाई कामगार आहेत, घरकाम करणाऱ्या आहेत, बिगारी कामावर जाणाऱ्या आहेत. त्यातल्या बहुतेक आपल्याच समाजातल्या. ऑपरेशनला घाबरून का होईना, त्या टेबलावर गेल्या. गाठ गेली. मग उरलेल्या उपचाराचं गांभीर्य त्यांना अचानक कळेनासं झालं, हे आम्हाला पटत नाही. त्यांना पूर्ण उपचार घ्यायचा असतो. त्यासाठी लागणारी तयारी त्यांच्या एकटीच्या आवाक्यातली नसते, आणि ती कुणी करायची हा प्रश्न कुणी विचारत नाही.

समाजशास्त्रात टॅलकट पार्सन्सने १९५१ मध्ये ‘आजाऱ्याची भूमिका’ मांडली. आजारी माणसाला रोजच्या जबाबदाऱ्यांतून सूट मिळते. त्या बदल्यात बरं होण्याचा प्रयत्न करायचा आणि डॉक्टरांचं ऐकायचं, ही त्याची कर्तव्यं. आपल्या बायांच्या वाट्याला यातलं दुसरं कलम पूर्ण येतं, पहिलं येतच नाही. कर्तव्य आहे, सूट नाही. डॉक्टरांचं ऐकायचं आणि पाणीही भरायचं, तारीख पाळायची आणि कामाचा खाडाही करायचा नाही. रेडिएशनची तयारी म्हणजे ही सूट पहिल्या दिवसाच्या आधी उभी करणं, असं आम्ही मानतो.

आधी उपचार समजून घेऊ

वस्तीत रेडिएशनला कुणी ‘शेक’ म्हणतं, कुणी ‘लाईट’. शेक म्हटलं की भाजणं आलं, आणि भीती तिथूनच सुरू होते. प्रत्यक्षात किरण देताना दुखत नाही. यंत्र चालतं काही मिनिटंच, बाकीचा वेळ नेमक्या स्थितीत झोपवण्यात जातो. बाहेरून दिलेल्या किरणांमुळे बाईच्या अंगात काही शिल्लक राहत नाही. घरी येऊन नातवाला मांडीवर घेतलं, एका ताटात जेवलं, तरी कुणाला काही होत नाही. हे घरातल्या प्रत्येकाला आधी सांगितलं पाहिजे. नाहीतर ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या विटाळ सोसला, त्याच समाजातल्या बाईचं ताट-पेला कॅन्सरच्या नावाने वेगळा निघतो.

ऑपरेशनने गाठ काढली तरी डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी मागे राहू शकतात. रेडिएशन त्यांच्यासाठी असतं. स्तन वाचवून फक्त गाठ काढली असेल तर ते बहुधा लागतंच. पूर्ण स्तन काढला असेल तर गाठ मोठी होती का, काखेतल्या गाठींत आजार पोचला होता का, यावर ठरतं. जखम भरल्यावर, साधारण चार ते सहा आठवड्यांनी ते सुरू होतं. किमो असेल तर किमोनंतर काही आठवड्यांनी. मधले हे आठवडे रिकामे नसतात. तयारी याच काळात करायची असते.

या काळात पहिलं काम हाताचं. किरण घेताना त्या बाजूचा हात डोक्याच्या वर नेऊन स्थिर ठेवावा लागतो. काखेतल्या गाठी काढल्यावर खांदा आखडतो. हात वर गेला नाही तर पुढचं सगळं लांबतं. म्हणून सर्जनने परवानगी दिली की रोज व्यायाम: भिंतीसमोर उभं राहून बोटं भिंतीवर चालवत हात हळूहळू वर नेणं, खांदे फिरवणं. हा व्यायाम इंग्रजी कागदावर छापून हातात देणं म्हणजे शिकवणं नव्हे. फिजिओथेरपिस्टने समोर उभं राहून करून घेतला पाहिजे. हंडे, बादल्या, सिलेंडर उचलू नका, हेही बाईला एकटीला सांगून काय उपयोग? ते तिच्या नवऱ्याला आणि मुलालाही सांगा. पाणी तर घरात सगळेच पितात.

दुसरी गोष्ट ‘सिम्युलेशन’. म्हणजे किरण सुरू होण्याआधी सीटी स्कॅन करून कुठे, किती, कोणत्या कोनातून किरण द्यायचे याचं नियोजन. छाती उघडी ठेवून झोपावं लागतं. त्वचेवर खुणा करतात. त्या शाईच्या असतात, किंवा टिंबाएवढं कायमचं गोंदण असतं. शाईच्या खुणा घासून काढायच्या नाहीत. कोपरापर्यंत गोंदलेल्या आजीच्या नातीला गोंदणाची भीती नसते, पण न सांगता अंगावर केलेली खूण अपमानासारखी लागते. आधी सांगा, विचारा, मग करा. खोलीत स्त्री कर्मचारी असावी, गरजेपुरताच भाग उघडा ठेवावा, अंगावर चादर असावी, ही मागणी करताना कुणी लाजू नये. हे कुणाचे उपकार नाहीत.

आजार डाव्या बाजूचा असेल तर हृदय जवळ असतं. त्याला कमीत कमी किरण लागावेत म्हणून काही ठिकाणी खोल श्वास घेऊन थोडा वेळ रोखायला शिकवतात. ती सोय आहे का आणि आपल्याला लागेल का, विचारा. गरोदर असण्याची शक्यता, पेसमेकर, ल्युपस किंवा स्क्लेरोडर्मासारखा आजार, पूर्वी छातीला घेतलेलं रेडिएशन, यातलं काहीही असेल तर न विचारताही सांगा.

त्वचेचं म्हणाल तर कोमट पाणी, सौम्य साबण, सैल सुती कपडे. गरम पाण्याची पिशवी नाही, हळद-चुना नाही, अंगारा तर नाहीच. कोणतं मलम किंवा तेल लावायचं ते रेडिएशन विभागात विचारूनच. त्वचा लाल-काळी पडणं आणि थकवा हे त्रास कोर्स संपल्यावरही एक-दोन आठवडे वाढू शकतात. ते आधी माहीत असलं की ‘उपचार बिघडला’ असं वाटत नाही. विडी, तंबाखू, मिश्री बंद. पण वर्षानुवर्षांची मिश्री ‘सोडून द्या’ म्हटल्याने सुटत नाही, मदत मागा.

सात्त्विकतेचा सल्ला आणि पूर्वजन्माचं पाप

आजारी बाईला दोन सल्ले न मागता मिळतात. पहिला: अंडी-मटण बंद करा, सात्त्विक खा. हा सल्ला पोटातून येत नाही, जातीतून येतो. ऑपरेशन आणि किमोतून निघालेल्या शरीराला प्रथिनं लागतात. अंडी, मासे, कोंबडी, सुकट, डाळी, मोड आलेली मटकी हे आपल्या घरातलं, परवडणारं अन्न आहे. ते सोडून फळांच्या रसावर आणि महागड्या पावडरींवर पैसे घालवायला लावणं म्हणजे अशक्त शरीर आणखी अशक्त करणं. मधुमेह वगैरे कारणाने डॉक्टरांनी पथ्य दिलं असेल ते पाळा. शेजारणीचं पथ्य शेजारणीकडे राहू द्या.

दुसरा सल्ला त्याहून विषारी: मागच्या जन्मीचं फेडतेय. बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा हा हिशेब नाकारला, कारण तो गरिबाचं दुःख त्याच्याच माथी मारून समाजाला मोकळं करतो. ‘डिफॉल्टर’ हा शब्द दुसरं काय करतो? भाषा इंग्रजी झाली, युक्तिवाद तोच राहिला.

विश्रांतीचा खर्च कुणाचा?

आता हिशेबाकडे येऊ. पूर्वी हा कोर्स साधारण पाच आठवड्यांचा, पंचवीस दिवसांचा असे. सोमवार ते शुक्रवार, रोज. ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासांनंतर तीन आठवड्यांचा, पंधरा दिवसांचा कोर्स सर्वमान्य झाला. २०२० मध्ये तिथल्याच ‘फास्ट-फॉरवर्ड’ अभ्यासाने काही रुग्णांसाठी एका आठवड्यातले पाच दिवसही पुरतात असं दाखवलं. काहींना गाठीच्या जागी वरून आणखी काही दिवस द्यावे लागतात. डॉक्टरांसाठी ही मात्रेची बाब असेल, रोजंदारीवरच्या बाईसाठी हे दहा रोज आहेत. ‘माझ्या आजाराला कमी दिवसांचा कोर्स चालेल का?’ हा प्रश्न प्रत्येक बाईने विचारावा. उत्तर ‘नाही’ असेल तर त्याचं कारण तिला कळेल अशा मराठीत मिळालं पाहिजे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रेडिएशनचा खर्च बसतो, पण आधी मंजुरी लागते. रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळलं नाही तर कागद अडतो. म्हणून ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यातच आरोग्यमित्राला गाठा. पॅथॉलॉजी रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, किमोचे कागद यांच्या दोन-दोन झेरॉक्स काढून एका पिशवीत ठेवा. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपरमध्ये पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एका माणसालाही सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. एसटीतही सवलत आहे. कागद पहिल्याच भेटीत मागून घ्या.

पण उपचार फुकट झाला तरी दिवस फुकट होत नाही. देशात दहा लाख लोकांमागे रेडिएशनचं एक यंत्रही पडत नाही, आणि जी आहेत ती मोठ्या शहरांत दाटलेली. तालुक्यातल्या बाईने पंधरा दिवस मुंबईत, नागपुरात किंवा छत्रपती संभाजीनगरात कुठे राहायचं? गाडगेबाबांनी हा प्रश्न ओळखला होता. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आजही कॅन्सरच्या रुग्णांना आसरा देते. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. ज्याने हातात खराटा घेतला त्याला कळलं की दूरच्या माणसाला आधी छप्पर लागतं. ज्यांच्या हातात राज्याचा अर्थसंकल्प आहे त्यांनी यंत्रांसोबत निवासाचाही आकडा त्यात मांडावा.

आणि बुडालेला रोज? १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मांडलं होतं की प्रसूतीच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, तिचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, आणि जोवर तसं होत नाही तोवर तिच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकानेही तो सोसावा. तेच तत्त्व इथे लावा. कर्मचारी राज्य विमा योजनेत कॅन्सरसारख्या दीर्घ आजारात ८० टक्के वेतन, दोन वर्षांपर्यंत मिळू शकतं. म्हणजे आजारपणात रोज भरून देता येतो, हे या देशाने मान्य केलेलं आहे. पण त्यासाठी किमान दोन वर्षांची सलग नोकरी आणि नियमित अंशदान लागतं. कंत्राटदार दर काही महिन्यांनी नाव बदलतो, अंशदान भरत नाही, आणि ती सलगता कागदावर तुटते. घरकाम करणारी आणि बिगारी तर या योजनेच्या दारापर्यंतही पोचत नाही. ज्यांना सुटीची सर्वात जास्त गरज, त्यांनाच ती नाही. याला योगायोग म्हणायचं का?

आपण काय करायचं

विनयपिटकातली गोष्ट आपल्याला माहीत आहे. बाबासाहेबांनीही ती ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये घेतली आहे. आजारी भिक्खू आपल्याच घाणीत पडलेला होता. तो संघाच्या काही उपयोगाचा नाही म्हणून कुणी त्याच्याकडे पाहत नव्हतं. बुद्धांनी आनंदासोबत त्याला स्वतः धुतलं आणि सेवेची जबाबदारी संघावर टाकली. तो भिक्खू चुकार आहे, असं ते म्हणाले नाहीत.

आपल्या विहारांत वंदना होते, वर्षावासात ग्रंथवाचन होतं. त्याच विहाराने वस्तीतल्या एका बाईच्या पंधरा दिवसांची जबाबदारी घेतली तर? वहीत पंधरा रकाने आखायचे. कोणत्या दिवशी सोबत कोण जाणार, मुलांचं जेवण कोण बघणार, पाणी कोण भरणार, नावं लिहायची. त्यात पुरुषांची नावं असलीच पाहिजेत. जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा आजारपणासाठी बाजूला काढायचा. सफाई कामगारांच्या संघटनांनी पगारवाढीसोबत अंशदानाच्या पावत्या मागायच्या.

पण हे सरकारच्या जबाबदारीला पर्याय नाही, हे ठणकावून सांगितलं पाहिजे. आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक रेडिएशन विभागात मराठीत बोलून समजावणारा, पगारी सामाजिक कार्यकर्ता हवा. पहिल्या तारखेच्या आधी निवास, प्रवास आणि बुडालेल्या रोजाची व्यवस्था झाली आहे का, याची नोंद फाइलमध्ये हवी. असंघटित कामगार बाईला उपचाराच्या प्रत्येक दिवसाचा किमान वेतनाइतका भत्ता हवा. आणि एखादी बाई आली नाही तर तिच्या नावापुढे शिक्का मारण्याआधी एक फोन करून विचारा: काय अडलं?

त्या उत्तरांची नोंद ठेवली, तर कोण चुकलं ते फाइलच सांगेल.

जय भीम!